हलक्या कानाचा हेडबँगर

पचका होणं म्हणजे काय, हे मला जुलै २०२५ मधल्या एका रविवारी माझ्याच घरात, माझ्याच हेडफोनवर समजलं. करणारा होता माझा सख्खा भाचा. वय वर्षं १९, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, कानात कायम पांढरे वायरलेस बोळे, आणि संध्याकाळी ढोल पथकाचा सराव.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी हडपसरचा. लहानाचा मोठा झालो ससाणेनगरमध्ये, नोकरी मगरपट्ट्यात. म्हणजे सोलापूर रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालणं हा माझा जन्मसिद्ध हक्क. आणि गेली पंचवीसेक वर्षं मी हेवी मेटल ऐकतो. ब्लॅक सॅबथ, जुडास प्रीस्ट, आयर्न मेडन, मेटॅलिका. बायकोच्या भाषेत, 'ती भांडणं'.

अकरावीत असताना पीएमटीने पूलगेटला उतरायचं, कॅम्पात एमजी रोडवर कॅसेटच्या दुकानात तासभर रेंगाळायचं आणि पॉकेटमनीत बसेल ती एक कॅसेट घेऊन परत यायचं, हा तेव्हाचा कार्यक्रम. मग एमपीथ्री आलं. एका सीडीत दीडशे गाणी! सगळं मेडन, सगळं मेटॅलिका, एका चकतीवर. आम्हाला वाटलं, स्वर्ग म्हणतात तो हाच. गंमत बघा, ज्या मेटॅलिकाने एप्रिल २००० मध्ये नॅपस्टरला कोर्टात खेचलं, त्याच मेटॅलिकाची गाणी आम्ही एमपीथ्रीवर सर्वांत जास्त वाजवली.

नोकरी लागली, हातात पैसे आले आणि अपराधी वाटायला लागलं. मग ओरिजिनल सीडीज घेतल्या, एकेक करून कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये उतरवल्या. हळूहळू वायरवाले मोठे हेडफोन आले. नंतर डॅक आला, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी ती छोटी डबी. तिची किंमत मी घरी निम्मीच सांगितली आहे, तेव्हा हा अंक आमच्याकडे टीपॉयवर दिसला नाही तर समजून घ्या. थोडक्यात, मी झालो 'लॉसलेसवाला'. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला बिटरेट समजावून सांगणारा तो माणूस असतो ना? तो मीच.

तर त्या रविवारी भाचेबुवा जेवायला आले होते. नुकताच, ५ जुलैला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर ब्लॅक सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला होता. मूळचे चौघं २० वर्षांनी एकत्र आणि ऑझी ऑस्बोर्न सिंहासनावर बसून गातोय. त्या तारेत मी जुने अल्बम लावून बसलो होतो. भाचा फोनवर काहीतरी ऐकत होता. मी नेहमीचं प्रवचन सुरू केलं : 'अरे, ते चिरकं काय ऐकतोस? इकडे ये, याला म्हणतात आवाज!'

त्याने शांतपणे बोळे काढले. म्हणाला, 'मामा, तुला खरंच फरक कळतो? बघू या?'

इथे माझं चुकलं. मी 'बघू' म्हणालो.

वळकटी आणि बॅग

पुढची गंमत कळायला आधी लॉसलेसचा फंडा काय ते बघू. घाबरू नका, पंगतीतल्यापेक्षा थोडक्यात सांगतो.

सीडीवरचा आवाज म्हणजे आकड्यांची माळ. दर सेकंदाला ४४,१०० आकडे, डाव्या कानाचे वेगळे, उजव्याचे वेगळे, प्रत्येक आकडा १६ बिटचा. गुणाकार करा, सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. जुडास प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील' हा १९८० चा अल्बम मुळात जेमतेम ३६ मिनिटांचा. तो असा कच्चाच ठेवला तर ३८० एमबीच्या आसपास जागा खातो. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत तोच बसतो ३५ एमबीत.

मग उरलेलं गेलं कुठे? फेकून दिलं! एमपीथ्रीचं गणित माणसाच्या कानाची नस ओळखून असतं. ढोल वाजत असताना शेजारची टाचणी पडलेली तुम्हाला ऐकू येत नाही ना, मग टाचणी ठेवायची कशाला? प्रवासाला निघताना 'हे कशाला लागतंय' म्हणत निम्म्या वस्तू घरीच ठेवाव्यात, तशी ही बॅग. हलकी होते, पण घरी राहिलेला स्वेटर महाबळेश्वरला पोचल्यावर बॅगेतून निघत नाही.

फ्लॅकचं वेगळं. ती आपली एसटीच्या टपावर टाकायची वळकटी. घट्ट आवळून बांधायची, मुक्कामी सोडली की गादी होती तशीच. जॉश कोलसन नावाच्या प्रोग्रामरने हे तयार केलं, पहिली पूर्ण आवृत्ती आली २००१ मध्ये, आणि ते तेव्हापासून फुकट आहे. आधीच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज जेवढ्याने चुकला तेवढीच चूक लिहून ठेवायची. चूक लहान, म्हणून फाइल लहान. उघडताना अंदाज अधिक चूक बरोबर मूळ आकडा. एकही बिट इकडचा तिकडे होत नाही.

आता मेटलची गोम अशी की डिस्टॉर्शनवाल्या गिटारी आणि झांजांचा तो सगळा कल्लोळ म्हणजे अंदाज बांधायला महाकठीण प्रकरण. म्हणून शांत गाण्यांच्या फाइली छान आवळल्या जातात आणि आमच्या मंडळींच्या गलेलठ्ठ राहतात. कमी बिटरेटचं एमपीथ्री पहिल्यांदा फाटतं तेही इथेच. ड्रमच्या झांजा 'छन्न' न वाजता कढईत भजी सोडल्यासारख्या 'चर्र' वाजतात.

सोळापैकी नऊ

भाच्याने लॅपटॉप घेतला, माझ्याच सीडीवरून 'मास्टर ऑफ पपेट्स' (मेटॅलिका, १९८६) उचललं. एक फ्लॅक, एक १२८ चं एमपीथ्री, एक ३२० चं. मग 'एबीएक्स' नावाची चाचणी लावली. त्यात पडद्यावर नावं दिसत नाहीत. ए वाजतं, बी वाजतं, मग एक्स वाजतो आणि तो दोघांपैकी कोण ते तुम्ही सांगायचं. फेऱ्या सोळा.

१२८ ला मी त्याला धूळ चारली. सोळापैकी पंधरा. कॉलर ताठ.

मग आलं ३२०. पहिल्या दोन फेऱ्या छातीठोकपणे सांगितल्या. तिसरीपासून डोळे मिटले. सहावीपासून श्वास रोखला. दहावीला बायकोला मिक्सर बंद करायला लावला. निकाल : सोळापैकी नऊ. योगायोगापलीकडे काहीतरी ऐकू येतंय असं म्हणायला निदान बारा लागतात. नऊ म्हणजे काय, तर मी सोळा वेळा नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढेच आले असते.

'मामा,' भाचा म्हणाला, 'डबी केवढ्याला घेतली होतीस?' स्वयंपाकघरातला मिक्सर लगेच चालू झाला नाही, यावरून कोण कान देऊन ऐकत होतं ते तुम्हाला कळलंच असेल.

पण पचका इथे संपला नाही. त्याने माझी हार्ड डिस्क उघडली. सीडी मिळाल्या नाहीत असे काही अल्बम एका जुन्या मित्राकडून फ्लॅकमध्ये आले होते, ते मी वर्षानुवर्षं 'आहाहा, काय डिटेल!' करत ऐकत होतो. भाच्याने त्यांचा आलेख काढला. सीडीत २० हजार हर्ट्झच्याही पुढपर्यंत आवाज असू शकतो. यांच्यात १६ हजारांवर सरळ रेघ, वर सगळा काळोख. म्हणजे कोणीतरी एमपीथ्रीच फुगवून फ्लॅक केलेलं. झेरॉक्सची झेरॉक्स काढायची आणि तिला लॅमिनेशन करायचं, तसलं. कागद कडक झाला म्हणून अक्षरं परत येत नाहीत.

हलक्या कानाचा म्हणतात तो हाच मंडळी. फाइलच्या नावाला भुलून मान डोलावणारा.

आणखी एक गोष्ट तेव्हाच उमगली. लॉसलेस म्हणजे 'चांगला आवाज' नव्हे. लॉसलेस म्हणजे 'जे दिलं तेच परत'. मेटॅलिकाच्याच १९८८ च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये जेसन न्यूस्टेडची बास गिटार मिक्सिंगमध्ये इतकी दाबली आहे की ती शोधता शोधता लोकांची तरुणपणं गेली. ती फ्लॅकमध्येही सापडत नाही. २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' तर इतका ठासून मोठ्या आवाजात भरला होता की आवाजाच्या लाटांची टोकं कापली गेली. त्याच गाण्यांची 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधली रूपं जास्त मोकळी वाजतात म्हणून चाहते तीच ऐकायला लागले, आणि अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. फॉर्मॅट नंतर, आधी मास्टर बघा.

जाता जाता भाच्याने शेवटचा टोला हाणला. लॅपटॉपवर एक शिट्टी लावली आणि ती बारीक बारीक करत नेली. त्याला १७ हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येत होतं. माझी शिट्टी १३ हजारांच्या पुढे बंद. 'चालू आहे का रे अजून?' मी विचारलं. 'हो की मामा, केव्हाची!' तो म्हणाला. खरं सांगतो, त्या क्षणी पहिल्यांदा हसू आलं नाही.

बर्मिंगहॅम, तालुका हवेली

२२ जुलैला ऑझी गेला. आपल्याकडे बातमी पोचेपर्यंत रात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आलो, बाहेर पाऊस होता, आणि मी हेडफोन न लावता स्पीकरवर सॅबथचा पहिला अल्बम लावला. १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, आलेला. लंडनच्या एका स्टुडिओत जेमतेम एका दिवसात रेकॉर्ड झालेला. बहुतेक जण हेवी मेटल इथूनच सुरू झालं असं मानतात.

सोफ्यावर अण्णा होते. माझे वडील. हडपसर इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं पॉवर प्रेसवर काम केलेले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे आमच्या घरात सगळे ओरडतात. 'किती वाजले?' विचारलं आणि 'सात' सांगितलं की ते 'पाच?' म्हणतात. आम्ही इतकी वर्षं याला वय म्हणत आलो.

'कोण गेलं?' त्यांनी विचारलं. टीव्हीवर बघितलं असावं.

मी सांगितलं. आणि मग कधी नव्हे ते पुढचंही सांगितलं. की हे चौघं बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले, कारखान्यांच्या गल्लीतले. ऑझीने काही दिवस गाड्यांचे हॉर्न जुळवायचं काम केलेलं, खाटीकखान्यातही राबलेला. जुडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड शेजारच्या वॉल्सॉलचा. शाळेच्या बाजूलाच पोलाद कारखाना होता, हातोड्यांचे दणके वर्गात जाणवायचे, असं तो सांगत आलाय. आणि सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, कामाच्या शेवटच्या दिवशी, मशीन उजव्या हातावर आलं. मधल्या दोन बोटांची टोकं गेली. माणूस डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

अण्णांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

'दोन हातांची बटनं नव्हती व्हय मशीनला?' ते म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी हाताने करून दाखवलं. प्रेस खाली यायला दोन्ही हातांनी दोन वेगवेगळी बटणं दाबावी लागतात, म्हणजे त्या वेळी हात आत राहूच शकत नाही. 'आमच्याकडं नंतर आली. आधी पायाचं पेडल हुतं. दोघांची बोटं गेली माझ्या डोळ्यादेखत.' त्यांनी दोघांची नावंही सांगितली. चाळीस वर्षांत मी ती पहिल्यांदा ऐकली.

'मग वाजवलं कसं त्यानं?'

सांगितलं. भांड्यांच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. तारा बारीक घेतल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त तारा तीन सूर खाली सैल सोडल्या, दाबायला सोप्या जाव्यात म्हणून. तारा सैल झाल्या आणि आवाज जड झाला. ज्या जड आवाजासाठी मी डबीवर डबी घेत होतो, त्याची एक मुळी अशी एका मशीनखाली निघाली.

'लाव बघू,' अण्णा म्हणाले.

पहिलं गाणं सुरू होतं ते पावसाने. पाऊस, ढगांचा गडगडाट, लांब कुठेतरी चर्चची घंटा. मग एकदम गिटार कोसळते. स्वस्त एमपीथ्रीत हा पाऊस म्हणजे नुसती खरखर व्हायची. फ्लॅकवर मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा उठून खिडकी बघितली होती. म्हणून मी अण्णांकडे बघत बसलो.

'घंटा हाय,' ते म्हणाले. मग गिटार आली, ड्रम आले, तसा त्यांनी हात स्पीकरच्या डब्यावर ठेवला. 'हां. हा आपला प्रेस. पण सावकाश चाललाय.'

'आणि पाऊस?' मी विचारलं. ओरडूनच.

'कुठला पाऊस?'

मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. आवाज वाढवला. ते मान तिरकी करून मन लावून ऐकत होते. गडगडाट आला, घंटा आली. पाऊस त्यांच्यापर्यंत येतच नव्हता. आणि त्याच वेळी खरा पाऊस आमच्या बाल्कनीच्या पत्र्यावर धो धो पडत होता. तोही येत नव्हता.

एकही बिट न गमावलेली फाइल, महागाची डबी, आणि ऐकणाऱ्या माणसाच्या कानातून पाऊसच गेलेला.

४००० वरचा खड्डा

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. अण्णांना 'माझी पण करायचीय' असं सांगूनच नेलं, नाहीतर ते आले नसते. बंद खोलीत हेडफोन लावून बटण दाबायचं. ही माझी दुसरी चाचणी, आणि इथे ढोंग चालत नाही.

रिपोर्ट म्हणजे एक आलेख. अण्णांची रेघ खालच्या सुरांत ठीक, मग घसरत घसरत ४००० हर्ट्झपाशी खोल खड्ड्यात आणि पुढेही जवळजवळ तिथेच. डॉक्टरांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, 'कुठल्या कारखान्यात होतात?' नाव, गाव, काही न विचारता! सततच्या गोंगाटाने बसलेला मार बहुतेक वेळा आधी ४००० च्या आसपासच दिसतो. बोलण्यातले स, श, च, त यांसारखे आवाज या वरच्या पट्टीत ओळखू येतात. 'सात' आणि 'पाच' मधला 'आ' अण्णांना ऐकू येतो, आजूबाजूची व्यंजनं गायब. त्यांचं वय नव्हतं झालं, त्यांचं एमपीथ्री झालं होतं.

कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबल ही आपल्याकडची जुनी मर्यादा. अण्णांच्या शॉपमध्ये ती कोणी मोजली की नाही ते त्यांना माहीत नाही. कानात घालायला काय होतं, विचारलं. 'कापूस. घरनं न्यायचो.'

मग माझा कागद. रेघ छान सरळ, आणि ४००० ला एक छोटासा खळगा. 'तुमचा कुठला कारखाना?' डॉक्टर म्हणाले.

मला १ फेब्रुवारी २००८ आठवला. मुंबई, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स, आयर्न मेडन. त्या टूरचा पहिलाच कार्यक्रम, आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत बँडला घेऊन आलेला. आम्ही अगदी स्पीकरच्या भिंतीसमोर. परतीच्या वाटेवर कानात 'कुंई' सुरू झालं ते दोन दिवस राहिलं, आणि आम्ही ते मेडलसारखं मिरवलं. पुढे रोजचा प्रवास, बाहेर ट्रॅफिक, म्हणून हेडफोनचा आवाज अजून वर. माझा कारखाना मी खिशात घेऊन फिरत होतो. अण्णांना पगार तरी मिळत होता.

डॉक्टरांनी सांगितलेलं एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात, एका कानात सुमारे पंधरा हजार. माणसात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे कानाचं एकदा एमपीथ्री झालं की त्याचं परत फ्लॅक होत नाही. वर कितीही महागडं मशीन लावा, ते लॅमिनेशनच.

पचक्यातून शिकलेले धडे

१. फ्लॅक जरूर ठेवा, पण संग्रह म्हणून. त्यातून उद्या कुठलाही फॉर्मॅट काढता येतो, एमपीथ्रीतून मागे जाता येत नाही. ऐकायला चांगलं ३२० चं एमपीथ्री बहुतेकांना पुरतं. खात्री नसेल तर एबीएक्स करा, शक्यतो भाच्यासमोर नको.

२. पैसे मोजायच्या आधी बघा. ॲपल म्युझिकवर जून २०२१ पासून लॉसलेस जादा पैसे न देता मिळतं, स्पॉटिफायनेही सप्टेंबर २०२५ पासून ते आणायला सुरुवात केली. पण नेहमीच्या ब्लूटूथ बोळ्यांवर आवाज जाताना पुन्हा छाटला जातोच. लॉसलेस ऐकायचं तर वायर शोधा.

३. अल्बमची कुठली आवृत्ती आहे ते बघा. 'रीमास्टर्ड' म्हणजे कित्येकदा नुसतं 'जास्त मोठ्याने'.

४. सगळ्यात महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० ला उरतात आठवड्याचे चारच तास. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनची पातळी बघता येते. एकदा बघाच. आणि कॉन्सर्टला जाताना इअरप्लग न्या. फोमची जोडी कॉफीच्या कपापेक्षा स्वस्त पडते.

चौथा धडा मी गणपतीच्या आधीच अमलात आणला. भाच्याला बोलावून घेतलं आणि इअरप्लगची डबी दिली. पथकात तीन तास ढोल बडवणाऱ्या पोराला. तो हसला. 'मामा, पोरं चिडवतील.' मी काही बोललो नाही. दोन कागद समोर ठेवले, आजोबांचा आणि माझा. त्याने आधी एक खड्डा बघितला, मग दुसरा खळगा. डबी खिशात टाकली. घातले की नाही माहीत नाही, पण विसर्जनानंतर दुसरी जोडी मागायला आला होता. हरवली म्हणे. मी लगेच दिली.

अण्णांना सप्टेंबरात श्रवणयंत्र बसलं. पहिले आठ दिवस नुसती चिडचिड. 'पेपर काय वाजतोय! चमचे हळू ठेवा! केवढा आवाज करता रे तुम्ही घरात!' आम्ही आयुष्यभर ओरडणारी माणसं आता कुजबुजत फिरतोय. यंत्र सगळं परत देत नाही, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. जे उरलंय ते उचलून वर आणतं, एवढंच.

एका संध्याकाळी त्यांनीच फर्मान सोडलं, 'ते बोटंवाल्याचं लाव.' लावलं. डबी लावलीच नाही, साध्या स्पीकरवर. सुरुवात झाली. त्यांनी मान तिरकी केली. थोडं थांबले.

'हां,' म्हणाले. 'पडतोय.' मग थोड्या वेळाने, 'पण भजी तळल्यासारखा पडतोय.'

फ्लॅक होतं हो मंडळी. शप्पथ. पण या वेळी मी वाद घातला नाही.